वर्षावनांचे संरक्षण आणि लोकांचा आधार : सह्याद्रीतील काही अनुभव

प्रस्तावना

१४ जुलै २०२४ रोजी इंदूर शहरात रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावण्यात आली आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था, व्यापारी, जवान असे सर्व थरांतील लोक त्यात उतरले होते. एवढी माणसे एका कामासाठी एकत्र येतात ही गोष्ट लहान नव्हे. मात्र पर्यावरण अध्ययनाच्या वर्गात यावर चर्चा सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. एका दिवसात इतकी झाडे लागत असतील, तर जगातली जंगले नष्ट होत आहेत म्हणून इतकी चिंता कशासाठी? तोडली तितकी पुन्हा लावावीत, झाले.

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर साधे नाही. २०२४ या एका वर्षात जगातील उष्ण कटिबंधातले सुमारे ६७ लाख हेक्टर मूळ जंगल नष्ट झाले आणि त्यातील जवळपास निम्मे आगीत गेले. ही हानी रोपांच्या संख्येने भरून निघत नाही. ती का निघत नाही, जंगल टिकते ते कशाच्या बळावर आणि गेलेले जंगल परत आणता येते का, या तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माळव्यात वर्षावन नाही. त्यामुळे उदाहरणे मुख्यतः सह्याद्रीतील घेतली आहेत. इंदूरच्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचे मूळ कोकणात आणि देशावर आहे, म्हणून हा प्रदेश त्यांना अगदीच परका वाटणार नाही.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षणासंबंधी निर्देश दिले आणि २००३ च्या आदेशानंतर पदवी पातळीवर हा विषय अनिवार्य झाला. कम्युनिटी कॉलेजातही तो या ना त्या रूपाने शिकवावा लागतो. पाठ्यपुस्तकात वर्षावनाचा उल्लेख आला की बहुधा अॅमेझॉनचे चित्र असते. विद्यार्थी ते पाहतो आणि हा आपला विषय नाही असे धरून पुढचे पान उलटतो.

वर्षावन म्हणजे नेमके काय?

इंदूरला वर्षाकाठी सरासरी ९०० ते १००० मि.मी. पाऊस पडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीला पडतो त्याच्या सुमारे सातपट. चोरलच्या बाजूचे आपले जंगल सागाचे, पानगळीचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उघडे पडते आणि पायाखाली वाळलेली पाने वाजू लागतात. आंबोलीच्या रानात उन्हाळ्यातही झाडे हिरवी असतात. वरचा पर्णसंभार इतका दाट की भर दुपारी खाली अंधुक उजेड, आणि झाडांच्या खोडांवर शेवाळ, नेचे, आमरी. अंजनी, जांभूळ, पिसा ही तिथली मुख्य झाडे. उत्तरेकडच्या सह्याद्रीत पाऊस चारच महिने पडतो आणि पुढचे आठ महिने कोरडे जातात. म्हणून शास्त्रज्ञ येथील बऱ्याच जंगलाला सदाहरित किंवा निमसदाहरित म्हणतात. अॅमेझॉनसारखे बारमाही ओले वर्षावन इथे नाही, पण केरळ-कर्नाटकातील वर्षावनाचे हे उत्तरेकडचे टोक होय. टोकावरचे जंगल अधिक नाजूक असते. एकदा सावली मोडली की आठ कोरडे महिने त्याला सावरू देत नाहीत.

या जंगलाची गुंतवणूक जमिनीत फारशी नसते. धो धो पावसाने मातीतील सत्त्व वाहून जाते, उरलेले बहुतेक सत्त्व झाडे, वेली आणि कुजणारा पालापाचोळा यांच्यातच फिरत राहते. जंगल कापले की ते भांडवलच उचलून नेल्यासारखे होते आणि मागे तांबडी जांभ्याची जमीन उरते. दुसरी गोष्ट बियांची. आपल्याकडील बाभूळ किंवा बोरीचे बी वर्षभर डब्यात ठेवले तरी रुजते. वर्षावनातील अनेक झाडांचे बी मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरते, त्याला लगेच ओल आणि सावली लागते. तिसरी गोष्ट, हे बी वाऱ्याने फारसे जात नाही. ते नेणारा कोणी तरी लागतो. महाधनेश हा मोठा पक्षी फळ गिळतो, मैलभर उडतो आणि बी दुसरीकडे टाकतो. त्याला घरट्यासाठी जुन्या, ढोलीच्या झाडाची गरज असते. झाड गेले की धनेश जातो आणि धनेश गेला की झाडाची पुढची पिढी जाते.

सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून डोंगर हिरवा दिसतो, पण वरील तिन्हींपैकी एकही गोष्ट त्यात परत येत नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथून सुरू होते.

सायलेंट व्हॅली : प्राध्यापकांनी लढवलेला वाद

भारतात वर्षावन वाचवण्याची सर्वांत गाजलेली घटना केरळातील पलक्कड जिल्ह्यात घडली. कुंतिपुळा नदीच्या खोऱ्यात १२० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारण्यास योजना आयोगाने १९७३ मध्ये मान्यता दिली. त्यात सुमारे ८३० हेक्टर जमीन बुडणार होती. सिंहपुच्छ वानराचे हे एक महत्त्वाचे आश्रयस्थान. या लढ्याचे श्रेय सामान्यतः पंतप्रधान इंदिरा गांधींना, डॉ. सलीम अलींना किंवा कवयित्री सुगतकुमारींना दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु लोकांचे मत तयार करण्याचे दररोजचे काम केले ते केरळ शास्त्र साहित्य परिषदेने. ही १९६२ मध्ये स्थापन झालेली संस्था, आणि तिचे कार्यकर्ते मोठ्या प्रमाणावर शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक होते. एम. के. प्रसाद हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्यांच्यातले एक अग्रणी. त्यांनी मल्याळममध्ये लेख लिहिले, गावोगाव सभा घेतल्या.

त्यावेळी वातावरण प्रतिकूल होते हे विसरता कामा नये. मलबार हा केरळातील मागास भाग, त्याला वीज हवी होती. राज्यातील जवळजवळ सर्व पक्ष प्रकल्पाच्या बाजूने होते. चार माकडांसाठी माणसांना अंधारात ठेवणार काय, हा टोमणा प्रत्येक सभेत ऐकावा लागे. परिषदेने टोमण्याला टोमण्याने उत्तर दिले नाही. वनस्पतिशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, शेती अशा निरनिराळ्या शाखांतील जाणकारांचा एक गट बसला आणि त्याने प्रकल्पाचा खर्च, वीज, पर्याय आणि जंगलाचे मोल यांचा हिशेब मांडून १९७९ मध्ये तो प्रसिद्ध केला. मलबारला वीज लागते हे त्यांनी नाकारले नाही. ती दुसरीकडून कशी देता येईल ते सांगितले. वाद जिंकला गेला तो इथे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जंगल सुंदर आहे म्हणून वाचवा, एवढे सांगून ज्याच्या घरात दिवा नाही त्याचे समाधान होत नाही.

या प्रकरणात एक धडा असाही आहे, जो फारसा सांगितला जात नाही. १९७६ मध्ये जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने प्रकल्प सोडून द्यावा असेच म्हटले होते. पण करायचाच असेल तर अमुक अटी पाळाव्यात, असेही त्यात जोडले. शासनाने पहिले वाक्य बाजूला ठेवले आणि दुसरे उचलले. अटी पाळण्याचा कायदा करून काम पुढे न्यायचे ठरले. मुंबईच्या निसर्ग अभ्यासाच्या परंपरेत वाढलेल्या फतेहअलींच्या हेतूविषयी कोणाला शंका नव्हती, सलीम अलींशी त्यांचे जवळचे संबंध होते. तरीही सद्भावनेने ठेवलेली एक फट पुरली. शिफारस लिहिताना पळवाट आपणच लिहून देत नाही ना, हे तपासण्याची सवय संशोधकाला असावी.

अखेर नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रकल्प सोडण्यात आला. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे त्याच नदीवर, उद्यानाच्या अगदी खाली, पात्रक्कडवू येथे दुसऱ्या धरणाचा प्रस्ताव आला. पुन्हा विरोध करावा लागला. २००७ मध्ये उद्यानाभोवती सुमारे १४८ चौ. कि.मी.चा संरक्षक पट्टा जोडण्यात आला. पहिल्या विजयापासून या पट्ट्यापर्यंत चोवीस वर्षे गेली.

कोकणातील खाजगी रान

महाराष्ट्रातील स्थिती वेगळी आहे. सायलेंट व्हॅलीची जमीन सरकारी होती. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बरेचसे जंगल लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. एका गटात पन्नास-साठ हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. वाटण्या झालेल्या नसतात, भात खाचरात पिकते आणि डोंगरावरचे रान तसेच पडून असते. मग ठेकेदार येतो आणि उभा डोंगर जळाऊ लाकडासाठी किंवा कोळशासाठी ठोक दराने मागतो. रक्कम तुटपुंजी असली तरी दवाखान्याचे बिल, मुलीचे लग्न, घराचे छप्पर यांपैकी काही ना काही दारात उभेच असते. या शेतकऱ्याला जंगलाचा शत्रू म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. त्याच्या आजोबांनी राखले म्हणूनच ते रान आज विकायला शिल्लक आहे.

त्याच गावात, त्याच माणसांनी, देवराई मात्र राखलेली असते. देवाच्या नावाने सोडलेल्या या रानातून वाळकी काटकीही न्यायची नाही असा दंडक. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. आजूबाजूचे जंगल गेल्यावरही मूळ जंगलाचे नमुने तिथे टिकून आहेत हे त्यांनी दाखवले. महाराष्ट्रात अशा रायांची संख्या हजारांत भरते. काही गुंठ्यांच्या आहेत, काही अनेक हेक्टरांच्या. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे जंगली जायफळाचे दलदलीतले जंगल आहे. झाडांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली असतात. वर्षावनाचा हा अत्यंत प्राचीन प्रकार आणि भारतातील त्याचे हे सर्वांत उत्तरेकडचे ठिकाण. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली, पण गावाला ते माहीत होतेच, कारण गाव त्याला पवित्र मानत आले होते. २०२१ मध्ये राज्य शासनाने त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र अवघे अडीच हेक्टरच्या आसपास.

श्रद्धेचे बंधन कायमचे असते असे मात्र समजू नये. अलीकडे अनेक ठिकाणी देवळाचा जीर्णोद्धार करण्यासाठी राईतील झाडे विकली गेली आहेत. कौलारू देऊळ गेले, सिमेंटचे आले आणि त्याची किंमत जुन्या वृक्षांनी चुकवली. असे कोठेही होऊ शकते. आपल्याकडील जुनी कब्रस्ताने आणि दर्ग्यांची आवारे यांतही मोठमोठी झाडे टिकून आहेत. तिथेही फरशी घालण्याची आणि भिंत सरळ करण्याची हौस वाढते आहे, हे आपण सर्वजण पाहतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर परिसरात पुण्याच्या अॅप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने अनेक वर्षे जे काम केले, ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. सुरुवात देवरायांपासून झाली. पुढे असे लक्षात आले की राई वाचली तरी तिच्या भोवतीचे खाजगी रान तुटत राहिले तर राई बेटासारखी एकटी पडते. म्हणून संस्थेने जमीनमालकांशी करार केले. ठरावीक वर्षे झाडे तोडायची नाहीत, त्याच्या बदल्यात मालकाला किंवा गावाला मोबदला मिळेल. देणगी किंवा बक्षीस असे त्याचे स्वरूप नव्हते. ठेकेदार पैसे देतो तोडण्याचे, इथे पैसे मिळाले राखण्याचे.

दुसरा भाग बेहड्याचा. बेहड्याचे झाड प्रचंड वाढते, त्याच्या ढोलीत महाधनेश घरटे करतो. लाकडाला फारशी किंमत नाही, म्हणून ते स्वस्तात जळणाला जाते. पण त्रिफळ्यातील तीन फळांपैकी एक बेहडा आणि एक हिरडा. फळे झाडाला अपाय न करता, ठरावीक प्रमाण झाडाखाली सोडून गोळा करायची आणि फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राखाली परदेशी औषधी चहा बनवणाऱ्यांना विकायची, अशी साखळी उभी करण्यात आली. भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी समाजाचे लोक त्यात सामील झाले. झाड एकदा तोडले तर एकदाच पैसे, फळ विकले तर दरवर्षी. हे गणित गावातल्या कोणालाही समजते. अर्थात बाजार परदेशी आहे आणि मागणी घटली तर गणित बिघडेल, हा या योजनेतील कच्चा दुवा आहे. तरीही धनेशाच्या घरट्याला जळणाच्या भावापेक्षा चांगला भाव मिळवून देणारे दुसरे उदाहरण आपल्याकडे सहज सापडत नाही.

अहवाल आणि ग्रामसभा

१ नोव्हेंबर १९८७ रोजी नवापूर आणि कन्याकुमारी अशा दोन टोकांहून पश्चिम घाट बचाव पदयात्रा निघाली आणि शंभर दिवसांनी गोव्यात तिची सांगता झाली. गावोगाव थांबत, लोकांचे ऐकत ती गेली. त्यानंतर दोन तपांनी, २०१० मध्ये, केंद्र शासनाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला, पण माहिती अधिकाराची लढाई होईपर्यंत तो लोकांसमोर आला नाही. मे २०१२ मध्ये तो खुला झाला तेव्हा अफवा त्याच्या आधीच गावांत पोहोचल्या होत्या.

अहवालातील एक तपशील या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून, आमचे गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, अशी स्वतःहून मागणी केली होती. कारण उघड होते. लोहखनिजाच्या खाणी येऊ घातल्या होत्या आणि कळणे येथे खाण सुरू झालेली लोक पाहत होते. (जुलै २०२१ मध्ये याच खाणीचा बांध फुटून गाळाचे पाणी वस्तीत आणि शेतांत शिरले.) म्हणजे संरक्षण लोकांना नको असते हे खरे नव्हे. वरून लादलेले नको असते. गाडगीळ यांचा आग्रह असा की अहवाल स्थानिक भाषांत आणून ग्रामसभांपुढे ठेवावा, त्यांचे म्हणणे घ्यावे आणि मगच सीमा ठरवाव्यात. तसे झाले नाही. इंग्रजीतला जाडजूड अहवाल कोणी वाचला नाही, घर बांधता येणार नाही, गुरे पाळता येणार नाहीत ही बातमी सगळ्यांनी ऐकली. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाने संवेदनशील क्षेत्र कमी करून सुमारे ६०,००० चौ. कि.मी.वर आणले. तरीही केरळातील इडुक्की-वायनाड भागात त्या वर्षी बंद आणि मोर्चे झाले.

दरम्यान दोडामार्गात रबराच्या लागवडीसाठी डोंगर मोकळे होत गेले. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने त्या तालुक्यात वृक्षतोडीवर बंदी घातली. तोड पूर्ण थांबली नाही, तक्रारी चालूच राहिल्या. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातील २५ गावांबाबत संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना चार महिन्यांत काढण्यास सांगितले. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे मेली. केंद्राने पश्चिम घाटाच्या ५६,८०० चौ. कि.मी.हून अधिक क्षेत्रासाठी मसुदा काढला, त्यावरील तारीख ३१ जुलै. मसुदा निघण्याची ही सहावी वेळ होती.

इथे इंदूरचा अनुभव आठवतो. २०१७ पासून सलग सात वर्षे हे शहर स्वच्छतेत देशात पहिले आले. ओला आणि सुका कचरा घराघरांत वेगळा होतो तो पालिकेच्या आदेशामुळे का? आदेश तर इतर शहरांतही होते. गाडी ठरल्या वेळी दारात आली, दिलेला कचरा पुन्हा एकत्र केला जात नाही हे लोकांनी पाहिले, मग सवय लागली. पश्चिम घाटात आदेशाचा मसुदा सहा वेळा आला, गाडी एकदाही आली नाही.

हिमाची परंपरा

संरक्षित रानाची कल्पना आपल्या वाचकांना अपरिचित नाही. अरबस्तानात इस्लामपूर्व काळी बलवान सरदार एखादे कुरण स्वतःसाठी राखून इतरांना मज्जाव करी, त्याला हिमा म्हणत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हा खाजगी अधिकार रद्द केला आणि हिमा केवळ सार्वजनिक हितासाठी असेल असे ठरवले. मदीनेजवळचे नकीअ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मदीनेच्या हरम क्षेत्रात झाडे तोडण्यास व शिकारीस मनाई झाली. झाड लावणाऱ्याला, त्यातून माणूस, जनावर किंवा पाखरू जे खाईल त्याचे पुण्य मिळते ही शिकवण तर सर्वश्रुत आहे. आपल्या व्याख्यानांत बहुधा तेवढीच सांगितली जाते.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील आहे आणि तो सहीह बुखारीत नोंदलेला आहे. हिमावर त्यांनी हुनय नावाचा रखवालदार नेमला. त्याला ताकीद दिली ती अशी : ज्याच्याकडे थोडे उंट किंवा थोड्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे, पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना येऊ देऊ नकोस. हे दोघे श्रेष्ठ सहाबी, पण धनवान. त्यांची जनावरे मेली तर त्यांना खजुराच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची मेली तर तो मुलेबाळे घेऊन खलिफाच्या दारी येईल आणि त्याला सोने-चांदी द्यावी लागेल. त्यापेक्षा चारा-पाणी देणे स्वस्त. लोकांना आपण अन्याय केला असे वाटत असणार, कारण ही त्यांचीच भूमी, हेही उमर (रजि.) यांनी कबूल केले.

वनव्यवस्थापनाच्या आजच्या पुस्तकांतील बराचसा भाग या एका ताकीदीत आला आहे. रान राखायचे. राखण्याचा बोजा ज्याला झेपेल त्याच्यावर टाकायचा. ज्याचे पोट त्यावर आहे त्याला वाट ठेवायची. आणि ज्यांची जमीन आहे त्यांचे दुःख खरे आहे हे मान्य करायचे. कोकणात आणि इतरत्र बहुधा याच्या उलट घडते. मोळी आणणारी बाई पकडली जाते आणि खाणीला परवाना मिळतो.

ही परंपरा केवळ इतिहासात राहिलेली नाही. इंडोनेशियात, जिथे जगातील मोठ्या वर्षावनांपैकी एक आहे, उलेमा परिषदेने २०१४ मध्ये दुर्मीळ प्राण्यांच्या रक्षणासंबंधी आणि २०१६ मध्ये जंगल जाळण्याविरुद्ध फतवा काढला. अचे प्रांतात काही तरुणांनी २०१२ पासून लोकवर्गणीतून उजाड जमीन घेऊन ती जंगलासाठी वक्फ केली. क्षेत्र लहान आहे. पण वक्फ जमीन विकता येत नाही, त्यामुळे पुढच्या पिढीच्या गरजेपोटी ठेकेदाराला तिथे वाट मिळत नाही. संगमेश्वरच्या दहा-वीस वर्षांच्या करारांना जे साधत नाही ते इथे साधते.

गेलेले जंगल परत आणणे

हे होऊ शकते का? होय, पण सावकाश. तमिळनाडूतील अनामलाई डोंगरात वालपारई परिसरात चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये वर्षावनाचे तुकडे उरले आहेत. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांनी २००० च्या सुमारास मळेवाल्या कंपन्यांशी बोलून त्या तुकड्यांत काम सुरू केले. रस्त्याच्या कडेला पडलेले, तिथे रुजण्याची आशा नसलेले बी गोळा करायचे, रोपवाटिकेत दीडशेहून अधिक स्थानिक जातींची रोपे करायची, घाणेरी आणि इतर तण काढायचे, मग सावली देणारी आणि सावली मागणारी झाडे मिसळून लावायची. पुढे या तुकड्यांची तुलना नुसत्या सोडून दिलेल्या तुकड्यांशी करण्यात आली. लावलेल्या ठिकाणी झाडांच्या जाती आणि साठवलेला कार्बन अधिक वेगाने वाढल्याचे दिसून आले. मात्र जुन्या मूळ जंगलाची बरोबरी अजून झालेली नाही. दोन दशकांत पुन्हा उभे राहिलेले क्षेत्र साधारण शंभर हेक्टर. सुरुवातीला सांगितलेल्या ६७ लाख हेक्टरांशेजारी हा आकडा ठेवला की राखणे आणि परत आणणे यांतील फरक वेगळा समजावावा लागत नाही.

ब्राझीलमध्ये रिओ शहरालगतच्या तिजुका डोंगरावर कॉफीसाठी जंगल तोडल्यावर झरे आटले, शहराला पाणी पुरेना. म्हणून १८६२ पासून मेजर आर्चर यांच्या देखरेखीखाली हजारो झाडे लावली गेली. हाताने ते काम केले ते गुलामांनी. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. कोस्टारिकाने १९९६ च्या वन कायद्यान्वये जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला इंधनकरातून पैसे देण्याची व्यवस्था केली. १९८० च्या दशकात सुमारे चौथ्या हिश्श्यावर आलेले तेथील वनाच्छादन आज निम्म्याहून अधिक आहे. यात पर्यटन वाढल्याचा आणि गोमांसाची बाजारपेठ घसरल्याचाही वाटा आहे, सर्व श्रेय योजनेला देता येत नाही.

वर्गात काय करता येईल

कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थी बहुधा काम करता करता शिकणारा असतो. त्याला आंबोलीला नेणे आपल्याला जमणार नाही. पण केरळातील शिक्षकांनी केले तसले काम इथेही करता येते. एक पद्धत अशी : वर्गाचे चार गट करावेत. एक गट कोकणातील जमीनमालकाचा, दुसरा ठेकेदाराचा, तिसरा मुंबईत राहणाऱ्या हिस्सेदारांचा, चौथा ग्रामसभेचा. एक हेक्टर रान, ठेकेदाराची एकरकमी बोली आणि बेहड्याच्या फळांचे वार्षिक उत्पन्न, असे आकडे शिक्षकाने कल्पनेने ठरवून द्यावेत आणि दहा वर्षांचा हिशेब मांडायला सांगावा. मध्येच तिसऱ्या वर्षी मालकाच्या घरात आजारपण आल्याचे जाहीर करावे. बहुतेक गटांचा हिशेब तिथे मोडतो, आणि चर्चेला खरी सुरुवात तिथून होते. आजारपणाचा खर्च कोणी द्यावा : संस्थेने, शासनाने, की त्या जंगलावरून येणाऱ्या पावसावर जगणाऱ्या दूरच्या शहरांनी? पश्चिम घाटातील झाडांनी हवेत सोडलेली वाफ तमिळनाडूच्या पावसात मोठी भर घालते असे २०१८ च्या एका भारतीय अभ्यासात दिसले आहे, त्यामुळे शेवटचा पर्याय वाटतो तितका दूरचा नाही.

दुसरे काम रेवती रेंजवर आहे. तिथे लावलेल्या रोपांपैकी किती जगली, कोणत्या जातींची, कोणत्या उतारावर, याची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजणी विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. जागा शासकीय असल्याने परवानगी आधी घ्यावी लागेल. दहा मीटर लांब-रुंद चौकोन आखून, दोरी आणि वही एवढ्याच साधनांनी हे होते. रोप कोणी लावले याच्या नोंदीशेजारी त्याला पाणी कोण घालते, हा एक रकाना वहीत जरूर ठेवावा.